टोचणी आणि शिकलेला तरुण : १८९७ ते २०२१

बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे मैदान ठाऊक नाही असा सीमाभागातला मराठी माणूस विरळा. महामेळावे, सभा, क्रिकेटचे सामने, सकाळचे फिरणे, अशा अनेक निमित्तांनी आपले पाय त्या झाडीखाली गेलेले असतात. पण या जागेला 'व्हॅक्सिन डेपो' का म्हणतात, असे वर्गात विचारले तर मुले एकमेकांकडे पाहतात. ब्रिटिश अमदानीत येथे वासरांच्या कातडीवर देवीची लस वाढविली जाई आणि ती बाटल्यांतून मुंबई इलाख्यात रवाना होई. आपल्या आज्या-पणज्यांच्या दंडावरचे ते वाटोळे वण या गावाशी नाते सांगणारे होते. जानेवारी २०२१ मध्ये कोरोनाच्या लसीचा पहिला साठा पुण्याहून बेळगावला आला तो आसपासच्या जिल्ह्यांना वाटण्यासाठी याच आवारात ठेवला गेला. गावाने पुन्हा एकदा या नावाचा अर्थ अनुभवला.

हा लेख देवीच्या लशीवर नाही. तो प्लेगच्या लशीवर, आणि त्याहून अधिक, लस पुढे केल्यावर शिकलेला तरुण काय करतो यावर आहे. जुलै २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या शाळेच्या इमारतीत कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी लसीकरणाचे शिबिर भरले होते. शाळा बंदच होती. व्हरांड्यात खुर्च्या मांडणे, टोकन देणे ही कामे आम्हा शिक्षकांकडे आली. रांगेत उभी असलेली निम्मी मुले आमचीच, दहावी होऊन गेलेली. त्यामुळे बोलणे मोकळे झाले आणि जे ऐकले त्याने मी जरा हादरलो.

मुले लशीच्या विरोधात नव्हती. 'नको' म्हणणारा एखाद-दुसराच. पण 'हवी' म्हणून आलेलेही फार थोडे. बहुतेक जण आले होते ते सर्टिफिकेटसाठी. २६ जुलैपासून कर्नाटकातील पदवी महाविद्यालये उघडणार होती आणि किमान एक मात्रा घेतलेल्यांनाच वर्गात प्रवेश मिळणार होता. 'सर, आम्हाला कोरोना होऊन काय होणार?' हे एक वाक्य. 'दोन दिवस ताप येतो म्हणे, परीक्षेच्या आधी कशाला?' हे दुसरे. आणि खालच्या आवाजात तिसरे, ते पुढे मूलबाळ होण्याविषयीचे. बी.एस्सी.ला असलेला, पेशीची रचना फळ्यावर बिनचूक काढणारा मुलगा मला मोबाइलवर दंडाला चमचे चिकटल्याचे चित्र दाखवीत होता. नपुंसकत्वाची अफवा तर इतकी फैलावली होती की जानेवारीत देशाच्या औषध महानियंत्रकांना पत्रकारांसमोर तिचा साफ इन्कार करावा लागला होता.

मुलांना दोष देण्याचा अधिकार मला नव्हता, हे येथेच सांगून टाकतो. १ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, तेव्हा मीही पात्र होतो. 'जरा थांबून बघू,' असे मी आणि आमचे एक सहशिक्षक यांनी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ठरविले. दोघेही पदवीधर, दोघेही मुलांना विज्ञानयुगावर निबंध लिहायला लावणारे. माझी ऐंशी ओलांडलेली आई शेजारणीबरोबर रिक्षाने जाऊन टोचून आली आणि मला म्हणाली, 'तू थांबून बघ, मी टोचून बघते.' आमचे सहशिक्षक मे महिन्यात गेले. लस घेतली असती तर ते वाचले असते की नाही, हे मला कोणीही सांगू शकणार नाही. पण ते 'थांबून बघू' आम्ही दोघांनी मिळून ठरविले होते, एवढे मात्र पक्के आहे.

त्या व्हरांड्यात मुलांशी बोलताना मला सारखा १८९७ चा प्लेग आठवत होता. इतिहास हा माझा विषय, आणि आमच्या घरात तर त्या प्लेगची एक दंतकथाच आहे. माझे पणजोबा पुण्यात कॉलेजात होते. प्लेग आला तसे ते बिस्तरा गुंडाळून गावी परतले आणि पुन्हा गेलेच नाहीत. 'प्लेगात आपली डिग्री गेली,' असे आजोबा म्हणत. पुढे हुबळीला नातेवाइकांकडे असताना त्यांनी लस टोचून घेतली व तीन दिवस तापाने फणफणले, असे घरातली एक शाखा सांगते. त्यांनी डॉक्टरला मागील दाराने चुकविले, असे दुसरी. दोन्ही शाखांत आजही यावरून वाद होतो, आणि दोन्ही बाजू तितक्याच अभिमानाने बोलतात!

मुंबईत प्लेग जाहीर झाला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. ऑक्टोबरात सरकारने वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला मुंबईला पाठविले. १८६० साली ओडेसात जन्मलेला हा रशियन ज्यू. विद्यार्थिदशेत झारशाहीविरोधी चळवळीत पडला, तुरुंगात गेला, विद्यापीठाने त्याला काढून टाकले. धर्म बदलला असता तर रशियात नोकरी मिळाली असती. ते त्याने केले नाही. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत येऊन त्याने पटकीवरची लस तयार केली, जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचली आणि १८९३ पासून ती हिंदुस्थानात घेऊन फिरला. म्हणजे सरकारी लस घेऊन जो माणूस आपल्या दारात उभा राहिला, तो स्वतः एके काळचा बंडखोर कॉलेज-विद्यार्थी होता. आपल्या लोकांना हे ठाऊक असते तर! उलट इंग्रज अधिकाऱ्यांनाच तो रशियाचा हेर असल्याचा संशय येत असे.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली. जंतू मांसरसात वाढवायचे, उष्णता देऊन मारायचे, आणि ते मेलेले जंतू टोचायचे, अशी ती रीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. तीही दहा घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना देण्यात आलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. सडकून ताप आला, सुजेने अंग ठणकले, आणि तो बरा झाला. त्यानंतर डॉक्टर मंडळींतून स्वेच्छेने पुढे येणारे निघाले. त्याच महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तेथील राजी असलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. टोचलेल्यांत एकही दगावला नाही. न टोचलेल्यांपैकी सहा गेले.

त्याच वर्षी एका एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाने जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. खोजा समाजाचे इमाम आगाखान (तिसरे) त्या वेळी वयाने आजच्या कॉलेजकुमाराएवढे. त्यांचा समाज टोचणीला बिचकत होता. त्यांनी भाषण ठोकले नाही, फर्मान काढले नाही. चारचौघांत बाही वर केली आणि टोचून घेतले. मग पुन्हा टोचून घेतले. हजारो खोजा कुटुंबे त्यांच्या मागून आली. हाफकिनला प्रयोगशाळेसाठी त्यांनी स्वतःचा बंगलाही दिला.

आता पुण्याकडे वळू, कारण आपल्या शिकलेल्या तरुणाचे मन घडले ते तेथे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. (हाच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला, हे वाचकांना आठवत असेल.) रँडची नेमणूक झाली आणि मार्चपासून गोऱ्या शिपायांकडून घरे तपासणे सुरू झाले. माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली काही सुटले नाही. रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले जाई, सामान रस्त्यात जाळले जाई. याच पुण्यात प्लेगच्या मुलाला पाठीवर घेऊन आलेल्या सावित्रीबाई फुले १० मार्चला प्लेगनेच गेल्या. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. पुढचे सारे आपण शाळेत शिकवितो, शिकलो.

शाळेत शिकवीत नाही ते असे, की पुण्यातल्या या जुलमात लशीचा काहीही भाग नव्हता. टोचणी तेव्हा सक्तीची नव्हती. पुढेही सरकारने ती सर्वांवर सक्तीची केली नाही. पण नंतर जेव्हा ती गावोगाव पोहोचली, तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर सुई नव्हती, तर उंबरठ्यावरचा बूट होता. मग सुई हातभर लांब असते, तिने पुरुषत्व जाते, बायका वांझ होतात, लशीत गाई-डुकरांचे मांस असते, अशा कंड्या पिकल्या. यातली शेवटची कंडी अगदीच हवेतली नव्हती. जंतू मांसरसात वाढवीत, हे खरेच होते, आणि हाफकिनने हिंदूंसाठी व मुसलमानांसाठी अनुक्रमे गाय व डुक्कर टाळून तो रस तयार करण्याची काळजी घेतली, हेही खरे. पण ही काळजी घेतल्याची बातमी कंडीएवढ्या वेगाने धावली नाही. २०२१ च्या व्हरांड्यात मी जी कुजबूज ऐकली ती शब्दशः एकशेचोवीस वर्षांची जुनी होती. फरक एवढाच, की तेव्हा ती पाणवठ्यावर होती आणि आता प्रत्येकाच्या खिशात.

त्या काळच्या सुशिक्षितांनी काय केले? एकच एक उत्तर देता येत नाही. टिळकांनी जुलमावर कोरडे ओढले, पण पुणे सोडले नाही आणि हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला. फर्ग्युसन कॉलेजात शिकविणारे तिशीतले गोखले शिपायांच्या वर्तनावर इंग्लंडात बोलले, परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. आणि एवढी मानहानी गिळून ते पुढल्या साथीत स्वयंसेवक म्हणून गल्लोगल्ली हिंडले. जुलमाला विरोध आणि उपचाराला हात, या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, हे या दोघांनीही दाखविले. पण त्यांच्या मागून आलेल्या अनेक तरुणांना हा भेद करता आला नाही. सरकारचे ते सारेच त्याज्य, असा सोपा हिशेब त्यांनी मांडला. पणजोबांचे मागील दार मला तिथेच दिसते.

आणि तरीही पुण्याहून दूर, आपल्याच मुलुखात, निराळे चित्र होते. बेळगावात १८९७ च्या अखेरीस प्लेग शिरला आणि छावणीतल्या मद्रासी पलटणीने बायका-मुलांसह टोचून घेतले. १८९८ साली हुबळीत डॉ. ल्यूमन या सिव्हिल अधिकाऱ्याने जे करून दाखविले त्याला त्या काळी तोड नव्हती. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गावात काही महिन्यांत तीस हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली, पुष्कळांनी दोनदा. सदर्न मराठा रेल्वेच्या कामगारांपासून पेठेतल्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळे त्यात होते. धारवाड-गदगकडे डॉ. अ‍ॅलिस कॉर्थॉर्न या बाईंनी हेच काम चालविले. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

हुबळीची माणसे पुण्याहून अधिक शहाणी होती असे मला म्हणायचे नाही. हुबळीत तेव्हा प्लेगने कहर केला होता आणि टोचलेल्या घरांत माणसे मरत नाहीत, हे शेजारच्या ओसरीवरून दिसत होते. शिवाय एक व्यवहारही होता. ज्याने टोचून घेतले त्याला एक दाखला मिळे, आणि तो दाखवला की सेग्रिगेशन छावणी, प्रवासातली अडवणूक यांतून बरीच सूट मिळे. म्हणजे सर्टिफिकेटसाठी दंड पुढे करणारी आमची मुले काही नवे करीत नव्हती! १८९८ च्या हुबळीकरानेही तेच केले आणि त्यात त्याचा जीव वाचला. हे लक्षात आल्यावर माझा मुलांवरचा राग बराच निवळला.

मात्र दाखल्याने माणूस रांगेत येतो; त्याचा विश्वास बसतो असे नाही. आणि दाखला देणाऱ्यानेच तो पाळला नाही तर काय होते, ते सीमेवरच्या मुलांनी लगेच पाहिले. ३१ जुलै २०२१ ला कर्नाटकाने हुकूम काढला, की महाराष्ट्रातून येणाऱ्याने लस घेतली असो वा नसो, आरटीपीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल हवाच. कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडल्या. चंदगडकडून बेळगावच्या कॉलेजात येणाऱ्या पोरांच्या मोबाइलमध्ये लशीचे सर्टिफिकेट होते आणि नाक्यावरचा पोलीस ते पाहतही नव्हता. साथीच्या दृष्टीने त्या हुकुमाला कारण असेल, नसेल. पण 'मग सर, टोचून काय मिळालं?' या प्रश्नाचे उत्तर त्या आठवड्यात देणे फार अवघड गेले.

प्लेगच्या लशीलाही अशीच एक ठेच लागली, आणि ती कितीतरी मोठी. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेली; तेव्हा दोष हाफकिनचा, असे ठरवून सरकारने त्याला दूर केले. वास्तविक त्या दिवशी बाटली उघडताना बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असे पुराव्यात आले होते. त्याच वेळी तयार झालेल्या दुसऱ्या बाटल्यांनी कोणाला काही झाले नव्हते. पण ते सर्वांसमोर स्वच्छ मांडायला वर्षे गेली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे हाफकिनवरचा डाग पुसला गेला. मधल्या काळात पंजाबात टोचणीचे काम बसले आणि प्लेगने तिथे लाखो माणसे नेली. मुंबईच्या परळमधील त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव देण्यात आले. आपल्या लोकांनी उशिरा का होईना, ऋण फेडले.

मुल्कोवालची गोष्ट मी एवढ्या तपशिलाने सांगतो त्याला कारण आहे. २०२४ च्या मे महिन्यात त्या व्हरांड्यातला चमचेवाला मुलगा, आता नोकरीला लागलेला, मला मुद्दाम भेटायला आला. इंग्लंडच्या कोर्टात अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने अत्यंत विरळा अशा एका दुष्परिणामाची, रक्ताच्या गुठळ्यांची, शक्यता मान्य केल्याची बातमी होती, आणि कोविशील्ड म्हणजे तीच लस. 'सर, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, काही होत नाही.' होय, मी तसे म्हणालो होतो. खरे तर युरोपच्या औषध यंत्रणेने एप्रिल २०२१ मध्येच या दुष्परिणामाची नोंद उघडपणे केली होती. लाखांत एखाद्याला होणारी गोष्ट, आणि रोगाचा धोका त्याहून कितीतरी मोठा. ते मला तेव्हाच सांगता आले असते. मुलाला ते समजलेही असते. गणितात तो हुशार होता. पण 'काही होत नाही' हे सोपे पडते. मी त्याची क्षमा मागितली. तो अवघडला, 'तसं नव्हे हो सर' म्हणाला आणि चहा न घेता गेला.

त्या जुलैतल्या शिबिराच्या दुसऱ्या दिवशी रांग लांबली होती, लशीचा डबा यायचा होता. वेळ जावा म्हणून मी व्हरांड्यातल्या फळ्यावर दोन गावांचे आकडे लिहिले. पहिले पोर्तुगिजांच्या अमलाखालील दमण, १८९७ : टोचलेले २१९७, त्यांतले मृत्यू ३६, न टोचलेले ६०३३, मृत्यू १४८२. दुसरे बडोद्याजवळचे उंढेरा, फेब्रुवारी १८९८. सयाजीराव महाराजांच्या राज्यातल्या या प्लेगग्रस्त खेड्यात हाफकिन आणि बॅनरमन यांनी प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसे टोचली, निम्मी ठेवली, म्हणजे तुलना चोख व्हावी. एकाच छपराखालची, एकाच चुलीवरचे खाणारी माणसे. टोचलेले ७१, त्यांतले ३ गेले. न टोचलेले ६४, त्यांतले २६ गेले.

मुले गप्प झाली. हे आकडे बोलके आहेत, काम झाले, असे मला वाटले. तेवढ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, आमच्या शाळेत नेहमी मागच्या बाकावर बसणारी, म्हणाली, 'सर, ते चौसष्ट कोणी निवडले?'

'डॉक्टरांनी,' मी म्हणालो.

'आणि त्या घरातल्या आईला ते चाललं? एका पोराला टोचलं, एकाला नाही?'

मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षे हे आकडे मी वर्गात सांगत आलो होतो, लशीची थोरवी पटविण्यासाठी. त्या सव्वीस जणांकडे मी कधी त्या बाजूने पाहिले नव्हते.

'नसणार चाललं,' मी म्हणालो. 'अगं, आज असं करता येत नाही. आज आधी सांगावं लागतं, संमती घ्यावी लागते.'

'मग आम्हालाही सांगा ना सर. काय काय होऊ शकतं ते सगळं. सर्टिफिकेटचं माहीत आहे आम्हाला.'

डबा आला होता. परिचारिकाबाई हातमोजे चढवीत होत्या. मी त्यांना विनंती केली आणि त्यांनी पंधरा मिनिटे, कानडीत आणि मोडक्यातोडक्या मराठीत, ताप किती येतो, कोणी थांबावे, कोणत्या लक्षणांना ताबडतोब दवाखाना गाठावा, मासिक पाळीचे काय, सगळे सांगितले. दोन मुले रांगेतून बाहेर पडली, घरी विचारून येतो म्हणून. त्यांतला एक संध्याकाळी परत आला. ती मुलगी त्र्याऐंशी नंबरचे टोकन घेऊन आत गेली आणि बाहेर येऊन अर्धा तास बाकावर बसून राहिली, मागच्याच.